मधलं प्रवचन गाळलं तर

राजूरच्या पावसात रेंज टिकली, तर मोबाइलवर जर्मन संगीतकार बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, म्हणजे येशूच्या यातनांची गायलेली कथा, ऐकता येतं. नेदरलँड्स बाख सोसायटीने बाखच्या सगळ्या रचना चित्रफितींतून फुकट द्यायचं काम हाती घेतलंय. ऑर्गनच्या रचनांत वादकाचे पाय खालच्या लाकडी पट्ट्यांवर चालताना अगदी जवळून दिसतात. चर्चच्या बाकावरून ते सहसा दिसत नाहीत. वादक वर सज्जात असतो.

पण हे ऐकणं भक्तीचं की नुसतं रसिकतेचं?

‘पॅशन’ लायप्झिगच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी रचलं गेलं. त्याचे दोन भाग, आणि मधोमध प्रवचन. आपल्या कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग असतात, काहीसं तसंच. चित्रफितीत प्रवचन गायब!

अहमदनगरला राहिलेल्या ना. वा. टिळकांनी हा प्रश्न उलट्या बाजूने धरला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी येशूची भजनं मराठी वळणाची लिहिली; विलायती चालींत इथला भक्त रमेना. आज मात्र सूर परका, भाषा जर्मन, तरी अंगावर काटा येतो. त्याने टिळक खोटे ठरत नाहीत. काटा म्हणजे प्रार्थना नव्हे, एवढंच.

बाख अनेक हस्तलिखितांच्या शेवटी ‘महिमा केवळ देवाचा’ या अर्थाची तीन लॅटिन आद्याक्षरं लिहीत असे. मोबाइलवर त्या जागी पुढची चित्रफीत आपोआप सुरू होते.