ओढता येणारी दोरी

कॅन्टीनला रंग द्यायचं ठरलं तेव्हा भिंतीवरची सूचना पेटी काढावी लागली. किल्ली सापडेना, म्हणून मेन्टेनन्सच्या पोराने कुलूपच तोडलं. आत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. एक ड्रिलिंग मशीनवरच्या कामगाराची होती: कूलंटचा कॉक उजवीकडे उंचावर आहे, हात पुरत नाही, डावीकडे खाली घ्यावा. तारीख चार वर्षांपूर्वीची. त्याच वर्षी आमच्या हाती ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ची पहिली प्रश्नावली पडली होती. मराठी घरात एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा, त्यामुळे पेढे कुठेत ही थट्टा आठवडाभर पुरली.

शब्द मुळात थट्टेचा नव्हे. 1990 साली विल्यम कान या अमेरिकी अभ्यासकाने एका उन्हाळी शिबिरातल्या आणि एका वास्तुरचना संस्थेतल्या माणसांचं निरीक्षण करून विचारलं, की माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी आखडून घेतो? त्याला तीन गोष्टी सापडल्या. कामाला काही अर्थ वाटतो का, बोललो तर अंगाशी येणार नाही ना, आणि अंगात तेवढं त्राण उरलंय का. पुढे सल्लागारांनी त्याचे गुण मांडले आणि गुणांचे आलेख काढले. माझ्या मते खरी मेख दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि ती कळायला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जावं लागतं.

तिथला जनरल मोटर्सचा कारखाना बदनाम होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास, सोमवारी तर लाइन सुरू करायला माणसं पुरायची नाहीत. कामावर दारू, युनियनच्या तक्रारींचे ढीग, आणि निघणाऱ्या गाड्या दोषांनी भरलेल्या. 1982 मध्ये कंपनीने टाळं ठोकलं. दोनच वर्षांत टोयोटाशी भागीदारी करून तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने उघडला. युनियन तीच, कामगारही बहुतेक तेच, ज्यांना सगळे वाया गेलेले म्हणत होते. त्यांच्या तुकड्या जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला गेल्या.

तिथे लाइनच्या डोक्यावरून एक दोरी जायची. काही चुकलं, बोल्ट बसला नाही, वेळ पुरला नाही, की कुणीही ती ओढायची. टीम लीडर धावत यायचा, मदत करायचा, आणि तेवढ्या वेळात नाहीच जमलं तर लाइन थांबायची. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणं हे महापाप होतं. चुकीची गाडी पुढे जाऊ द्यायची, शेवटी दुरुस्तीच्या आवारात बघून घेतील. म्हणजे रोज आठ तास कामगाराला कंपनी न बोलता शिकवत होती, की तुझ्या डोळ्यांना किंमत नाही. नुमीत तीच दोरी आली आणि तिने तेवढं एक वाक्य खोडलं. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा ताकाओकाच्या बरोबरीला पोचला.

पण दोरी हे त्यातलं स्वस्त सामान. महाग होतं ते ती ओढल्यावरचं वागणं. ‘का थांबवलीस?’ असं एकदा जरी दरडावलं असतं तरी दुसऱ्या दिवशी तिला कुणी हात लावला नसता. युनियनशी झालेल्या करारात नोकरीची हमी होती, आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी मागणी कोसळली तेव्हा ती पाळली गेली: कारखाना अर्धामुर्धा चालत असताना रिकाम्या हातांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवलं. आपण सुचवलेल्या सुधारणेने आपलीच नोकरी जाणार असेल, तर सुचवणार कोण?

जनरल मोटर्सने हाच प्रयोग व्हॅन नाइसच्या कारखान्यात केला आणि फसला. तिथल्या साहेबांचं मोल अजूनही निघालेल्या गाड्यांच्या आकड्यावरच ठरत होतं, मग थांबलेली लाइन त्यांना कशी परवडणार? आपल्याकडे चाकण-रांजणगावला कायझेन (सततच्या छोट्या सुधारणा), पोकायोके (चूक होऊच न देणारी रचना) हे शब्द आता घरचेच झालेत. सूचनांचे फलकही असतात. फलकावर चिठ्ठी लावणाऱ्याला दोन दिवसांत उत्तर मिळतं का, एवढंच मी हल्ली विचारतो.

आणि फ्रीमाँटचा शेवटही सांगायला हवा, कारण व्याख्यानांत तो गाळतात. 2009 मध्ये दिवाळखोरीत निघालेली जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडली. टोयोटाने एकटीने कारखाना चालवायचं नाकारलं आणि 1 एप्रिल 2010 ला तो बंद झाला. सुमारे 4,700 लोकांची कामं गेली. त्यांच्या कामात खोट निघाली म्हणून नव्हे. तो निर्णय त्यांच्या दोरीच्या टोकाला बांधलेलाच नव्हता. जीव लावून केलेल्या कामाने धंदा वाढतो हे मला मान्य आहे. त्या जिवाची परतफेड कुणी करायची, याचा रकाना त्या प्रश्नावलीत मला कुठे दिसला नव्हता.

चिठ्ठी हातात घेऊन मी ड्रिलिंग मशीनपाशी गेलो. कॉक होता तिथेच होता. त्याच्या दांडीला तेलाने काळी पडलेली सुतळी बांधलेली होती, डावीकडे हाताशी येईल अशी.