गणती आणि निष्ठा

एखाद्या शास्त्रज्ञानें आपल्या सिद्धान्ताशीं जन्मभर एकनिष्ठ राहावें, हा गुण म्हणावा कीं दोष? डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजीं निवर्तले, तेव्हांपासून हा प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे.

विश्वास आदि नाहीं, अंत नाहीं. तें प्रसरण पावतें आणि त्यांत नवें द्रव्य निर्माण होत राहतें, असें त्यांचे गुरु फ्रेड हॉईल मानीत. हें खरें असेल, तर दूरचें, म्हणजेच पुरातन, विश्व जवळच्या विश्वासारखेंच दिसावयास हवें. परंतु केंब्रिजच्या मार्टिन राईल यांनीं आकाशांतील रेडिओ-उगमांची मोठी गणती केली, तींत मंद उगम अपेक्षेपेक्षां फार अधिक भरले. फेब्रुवारी १९६१ मध्यें रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेंत त्यांस उत्तर देण्यास उभा राहिला तो २२ वर्षांचा विद्यार्थी नारळीकर! उगमांची वाटणीच विषम असेल तर गणती अशी येऊं शकते, हा त्याचा युक्तिवाद. पुढें १९६५ मध्यें विश्वांत सर्वत्र भरलेलें सूक्ष्मलहरींचें प्रारण उजेडांत आलें आणि बहुतेक विद्वान महास्फोटाच्या पक्षास मिळाले. नारळीकर मिळाले नाहींत. १९९३ मध्यें हॉईल व बर्बिज यांच्यासह त्यांनीं जुनाच सिद्धान्त सुधारून पुन्हां मांडला.

येथें त्यांचीच दुसरी एक गणती आठवते. आमच्या एरंडोलांत अजून पुष्कळ घरीं पत्रिका जुळल्यावांचून लग्न ठरत नाहीं. अशा पत्रिकांची नारळीकरांनीं नरेंद्र दाभोलकर आदींसह २००८ मध्यें परीक्षा घेतली. मूल हुशार कीं मतिमंद, हें पत्रिकेवरून ओळखावयाचें होतें. २७ ज्योतिष्यांची उत्तरें आलीं. सरासरी शेंकडा ४६ बरोबर. नाणें उडविलें असतें तरी इतकें साधलें असतें! पण ज्योतिषीहि अपयशास नवें कारण देतच असतो. मग प्रतिकूल गणतीस नवें उत्तर शोधणारा शास्त्रज्ञ त्याहून निराळा कसा?

विश्वाच्या मानलेल्या वयाहून जुने तारे आढळावेत, असें भाकित नारळीकरांनीं आपल्या सिद्धान्तावरून उघड करून ठेवलें होतें. पारखावयाचें त्यानें पारखावें. शिवाय १९८८ मध्यें पुण्यास उभारलेल्या आयुकांत महास्फोट मानणारांस त्यांनीं कधीं अटकाव केला नाहीं. गुरुनिष्ठेच्या आपल्या देशांत हें थोडें नव्हे. तरी सिद्धान्तास जोडलेलें प्रत्येक ठिगळ त्याचें बळ कमी करतें, आणि त्यांचा पक्ष आम्हांस पटत नाहीं तो यासाठींच. महास्फोटवाद्यांसहि अदृश्य द्रव्य आणि अदृश्य ऊर्जा मानावी लागली आहे; तीं ठिगळें कीं शोध, हें ठरविण्यासाठीं दीर्घिकांची गणती अद्याप चालूंच आहे.