कार्डावरचं एक अक्षर

जव्हारच्या शिरपामाळावर मित्रानं सिकलसेलचं कार्ड दाखवलं. वाहक. "पोरीकडच्यांना सांगू का रे? सोयरीक मोडली तर?"

हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं. मी कोड लिहिणारा, मला तो बग वाटला. पण अशी एकच प्रत असली की गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. आईवडील दोघंही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के.

२०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे. कार्डं वाढतील, तसा हा प्रश्नही. जनुकतज्ज्ञ शक्यता समजावतो. निर्णय त्या दोघांचा.

मी म्हणालो, सांग. रक्त तुझं, पण बाळ दोघांचं. तिचीही तपासणी होऊ दे. आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे गावाला आपण दोघं सांगू.