पहिला मुद्दा मालकाचा

हल्ली बऱ्याच कचेऱ्यांत वर्षातून एकदा भेदभावाविषयीचा वर्ग भरतो. पडद्यावर सूचना येतात: तारीखवार डायरी ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, साक्षीदार जोडा, आवाज चढवू नका. हजेरीपटावर सह्या होतात, चहा-समोसे होतात आणि एचआरची फाइल पुरी होते. सल्ला वाईट नाही, पुरावा हाताशी असलेला बराच. पण ज्याच्यावर अन्याय व्हायचा त्यालाच पहाऱ्यावर बसवून मालकाने निवांत राहायचं, असं कायद्याने कधीच म्हटलेलं नाही.

स्वतःला जपण्याची सगळी साधनं असलेल्या माणसाचं काय होतं, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १९१७ साली बडोद्यात रुजू झालेल्या आंबेडकरांपाशी कोलंबियाचं शिक्षण होतं, पाठीशी खुद्द महाराज सयाजीराव होते. तरी शिपाई फायली लांबून टाकत आणि गावात राहायला जागा मिळत नव्हती. अखेर नोकरी सुटली. ग्वाल्हेरच्या फूलबागेत माधवराव शिंद्यांनी मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा एकाच आवारात नांदवले, तेही संस्थानी औदार्यच. बागेत असं औदार्य शोभून दिसतं. कचेरीच्या टेबलापाशी ते पोचेलच, याची खात्री बडोद्यातही नव्हती.

मुंबईच्या गिरण्यांत मामला आणखी उघडा होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण ते खातं अस्पृश्यांना बंद. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकऱ्यांना त्यात विटाळ वाटे. १९२८च्या संपात आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली, तेव्हा गिरणीमालकांचं उत्तर तयार होतं: अन्याय असेलही, पण तो आमचा नव्हे, कामगारांचा आपसातला आहे. नोकरी देणाऱ्याने हात झटकण्याची ही रीत पुढेही टिकली. मधल्या काळात संविधानाची १४ ते १६ ही कलमं आली, १९७६चा समान वेतनाचा कायदा आला. त्यांबद्दल कोणाचा वाद नाही.

घोळ होतो तो कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या विशाखा निकालाबाबत. १३ ऑगस्ट १९९७च्या या निकालाने बायकांना तक्रार करायची सोय मिळाली, असं सरसकट सांगितलं जातं. त्यातून चित्र उभं राहतं ते एका वाईट पुरुषाचं आणि एका धीट बाईचं. निकालाची हकिगत वेगळी आहे. राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथीण होत्या. बालविवाह रोखणं हे त्यांच्या कामातच येत होतं. ते केलं म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. जिने काम दिलं त्या यंत्रणेचं तिच्या सुरक्षिततेशी काय नातं, हा प्रश्न विशाखा आणि इतर संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. न्या. वर्मांच्या पीठाने उत्तर शोधलं ते विनयभंगाच्या कलमात नव्हे, तर समतेच्या आणि व्यवसायाच्या मूलभूत हक्कांत.

या निकालाने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा नुसता क्रम पाहिला तरी पुरे. पहिलं तत्त्व मालकाच्या कर्तव्याचं: छळ होऊच नये म्हणून पावलं उचलणं. मग व्याख्या, प्रतिबंधाचे उपाय, फौजदारी आणि शिस्तभंगाची कारवाई. तक्रारीची यंत्रणा येते सहाव्या क्रमांकावर. प्रशिक्षणवाले नेमके तिथूनच सुरुवात करतात. त्याच तत्त्वांत आणखी एक गोष्ट आहे: बदली आरोपीची व्हावी की आपली, हे मागण्याची मुभा पीडितेला आहे.

आता ग्वाल्हेर. इथे अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश असलेल्या एका महिलेची जुलै २०१४मध्ये सीधीला बदली झाली. मुलीचं बारावीचं वर्ष होतं. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत थांबू द्या, नाहीतर जवळचं गाव द्या, हे अर्ज नामंजूर झाले आणि १५ जुलैला त्यांनी राजीनामा दिला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींवर त्यांनी लैंगिक छळाचा आरोप केला होता. न्यायमूर्तींनी तो नाकारला आणि राज्यसभेने नेमलेल्या चौकशी समितीलाही तो सिद्ध झालेला आढळला नाही. बदली मात्र समितीने नियमबाह्य ठरवली. फेब्रुवारी २०२२मध्ये न्या. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पीठाने राजीनामा स्वेच्छेचा नव्हता असं म्हणून त्यांना परत रुजू केलं. नोकरीत खंड धरला नाही, पण मधल्या साडेसात वर्षांचा पगारही दिला नाही.

या बाई जिल्ह्याच्या विशाखा समितीच्या अध्यक्ष होत्या. कायदा, भाषा, पुरावा कसा मांडायचा याची जाण, सगळं त्यांच्यापाशी होतं. डायरीचा सल्ला त्यांना कोणी काय द्यावा! छळाचा आरोप बाजूला ठेवला तरी बदलीचे स्वतःचेच नियम संस्थेने पाळले नाहीत, एवढं उरतंच.

ग्वाल्हेर शहरातली धरणी आजही फूलबागेच्या चौकात बसतात. आसपासच्या दुकानांत, दवाखान्यांत दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार तिथल्या बाईने तक्रार घेऊन जायचं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मे २०२३मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल खंत व्यक्त केली आणि डिसेंबर २०२४मध्ये जिल्हा अधिकारी नेमा म्हणून राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. दहा किंवा जास्त माणसांच्या जागी अंतर्गत समिती नेमणं आणि तिचा आदेश ठळक जागी लावणं हे त्याच कायद्याने मालकावर टाकलेलं काम आहे. समितीच नेमली नाही, तर ५० हजारांपर्यंत दंड त्यालाच होतो.