पाण्यावर न उतरणारी जहाजे

जे जहाज कधीही पाण्यावर उतरणार नाही, ज्याच्या शिडात वारा भरणार नाही आणि ज्यातून धान्याचे एक पोतेही पलीकडच्या तीराला जाणार नाही, असे जहाज बांधण्यात एखाद्या ख्रिस्ती मनुष्याने आयुष्यातील हजारो तास खर्च करावेत काय? प्रिय वाचकहो, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. उत्तन-वसईच्या किनाऱ्यावरील आपल्या कोळी बांधवांना तर तो विनोदीच वाटावा. त्यांची होडी म्हणजे त्यांच्या घरातील चूल. परंतु आपण आपल्या वेळेचे धनी नसून कारभारी आहोत, असे आपण मानतो. ज्या कामाचा कोणालाच उपयोग नाही त्या कामाचा हिशेब हा कारभारी कसा देणार, असा हा प्रश्न आहे आणि तो केवळ लाकडी जहाजांपुरता नाही.

जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींपैकी जे श्रद्धावंत आहेत, ते बहुधा बेथानी येथील सुगंधी तेलाचा दाखला देऊन सुटू पाहतात. तीनशे दीनारांचे तेल ओतले गेले, ते विकून गरिबांना का दिले नाही असे विचारणाऱ्याला प्रभूने गप्प केले, तेव्हा आम्हालाही कोणी बोलू नये, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. ते तेल प्रभूच्या चरणांवर ओतले गेले. हे जहाज स्वतःच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात जाते. एवढे मोठे वचन एवढ्या लहान कामासाठी वापरू नये.

मग दुसरे उत्तर आहे काय? मला ते समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या एका गावी सापडले. छत्तीसगडमधील जामुल हे गाव भिलाईला लागूनच आहे. सिमेंटचा कारखाना ही त्याची ओळख. आणि क्षितिजावर भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतील लोहखनिज येथे येते आणि रूळ व पत्रे होऊन देशभर जाते. या कामाच्या निमित्ताने विदर्भातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली. अशाच एका कुटुंबातील, आता निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांची उमेदीची वर्षे जाड पत्रे लाटण्याच्या विभागात गेली.

कोची येथे बांधलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी लागलेले सुमारे ३०,००० टन विशेष प्रतीचे पोलाद भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी पुरविले. पूर्वी असे पोलाद परदेशातून आणावे लागे. ते मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा आपल्या संशोधकांनी ते येथेच सिद्ध केले. आमच्या या गृहस्थांनी लाल तापलेले पत्रे रुळांवरून पुढे सरकताना पाहिले, पण ती नौका त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिली नाही. निवृत्तीनंतर ते तिची प्रतिकृती बांधू लागले. प्रमाण एकास साडेतीनशे. मूळ नौका २६२ मीटर लांब, ही पाऊण मीटर. मूळ नौकेचा भार सुमारे ४५,००० टन. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी तो साडेतीनशेने भागला, तर अवघा एक किलो उरतो. उभा माणूस पाच मिलिमीटरचा होतो. आणि हात एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या नौकेवर ती चूक पस्तीस सेंटिमीटरची ठरते.

हे कशासाठी, असे मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आमचाही तिच्यात वाटा आहे ना, साहेब. नातवंडांना दाखवायला काहीतरी नको का?”

या उत्तराने मला यहोशवाच्या ग्रंथातील बाविसाव्या अध्यायाची आठवण झाली. बायबलच्या भाषांतराचे काम करणाऱ्यांना एक इब्री शब्द वारंवार अडवितो: ‘तवनीत’. ‘बांधणे’ या धातूपासून तो आला आहे. मोशेला पर्वतावर निवासमंडपाचा जो नमुना दाखविण्यात आला, तो तवनीत. दाविदाने शलमोनाच्या हाती मंदिराचा जो आराखडा दिला, तोही तवनीत. पण अनुवादाच्या चौथ्या अध्यायात नरनारी, पशुपक्षी यांच्या ज्या प्रतिमा करण्यास मनाई आहे, तेथेही शब्द हाच. मराठीत कुठे ‘नमुना’, कुठे ‘आकार’, कुठे ‘प्रतिमा’ असे म्हणावे लागते आणि तसे करताना मूळातील ही अस्वस्थ करणारी गोष्ट झाकली जाते, की देवाने दाखविलेला आदर्श आणि माणसाने घडविलेली मूर्ती या दोहोंना शास्त्र एकाच शब्दाने संबोधते. तेव्हा प्रतिकृती चांगली की वाईट, हे नुसत्या शब्दावरून ठरत नाही.

यहोशवाच्या त्या अध्यायात रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश यांनी यार्देनेजवळ एक भली मोठी वेदी बांधली. बाकीच्या इस्राएलाला वाटले, की हा बंडावा आहे. ते शिलो येथे लढाईसाठी जमले. परंतु तलवार उपसण्यापूर्वी त्यांनी फिनहास याजक आणि दहा सरदार यांना चौकशीसाठी पाठविले. पूर्वेकडील वंशांनी उत्तर दिले, की ही वेदी होमबलीसाठी नाहीच. ती परमेश्वराच्या वेदीची तवनीत आहे. मध्ये नदी आहे; उद्या तुमची मुले आमच्या मुलांना म्हणतील, की परमेश्वरात तुमचा वाटा नाही. तेव्हा आमच्या मुलांनी बोट दाखवावे म्हणून आम्ही ही साक्ष उभी केली आहे. जिच्यावर कधीही बली चढणार नव्हता, अशी ती वेदी होती. निरुपयोगी असणे हेच तिचे प्रयोजन होते; तिचा उपयोग झाला असता, तर ती पाप ठरली असती.

नदीच्या अलीकडे राहणाऱ्यांना दूरच्या वस्तूत आपला वाटा आहे हे सांगावेसे वाटते, ही गरज फार जुनी आहे. डेन्मार्कमधील शेकडो चर्चांच्या छतांना लहान जहाजे टांगलेली दिसतात. वादळातून वाचलेल्यांनी कृतज्ञतेने आणि न परतलेल्यांच्या आठवणीसाठी ती दिली. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ ते १८१४ या काळात फ्रेंच युद्धकैद्यांचा तळ होता. तेथील बंदिवान जेवणातून उरलेली हाडे उकळून, घासून त्यांची जहाजे करीत आणि ती विकून चार पैसे मिळवीत. पैसे हे कारण होतेच. परंतु पैशासाठी सोपटे किंवा डबेही करता आले असते, आणि तेही होत असत. ज्या समुद्राकडे जाण्याची वाट बंद होती, त्याच समुद्रावरची जहाजे त्यांनी एकेका दोरखंडासह का घडविली, हे केवळ बाजारभावाने समजत नाही.

आता साक्ष म्हटली, की ती खरी असावी लागते. येथे या मंडळींच्या संगतीचा प्रश्न येतो. आमचे गृहस्थ एकटे नाहीत. मुंबई, पुणे, गोवा, कोची अशा ठिकाणी विखुरलेले दहाबारा जण आहेत; कोणी नौदलातून निवृत्त, कोणी शिक्षक, एक दंतवैद्य. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ते एकमेकांना पाठवितात आणि चुका दाखवितात. यांपैकी पुष्कळजण एकमेकांना कधी भेटलेलेही नाहीत.

त्यांच्यातील एका वयोवृद्ध सभासदाने जुन्या ‘विक्रांत’ची प्रतिकृती पूर्ण केली. ही जुनी नौका १९६१ साली आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली, ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. पुढे मुंबईत काही वर्षे ती संग्रहालय म्हणून उभी होती. अनेक वाचकांनी ती पाहिली असेल. नोव्हेंबर २०१४ मध्ये ती तोडण्यास आरंभ झाला. म्हणजे ताडून पाहण्यास मूळ आता उरलेले नाही. अशा वेळी खोटी प्रतिकृती केली, तर तिला खोटे ठरविणारे कोणी राहत नाही. उरतो तो करणाऱ्याचा प्रामाणिकपणा आणि त्याच्या सोबत्यांचे धैर्य. या प्रतिकृतीवर १९७१ ची सी-हॉक विमाने होती. आणि टोकाशी वर उचललेला तो उतार, जो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, सी-हॅरियर विमानांसाठी बसविण्यात आला. ही दोन्ही एका वेळी त्या नौकेवर कधीच नव्हती.

काहींनी ‘अप्रतिम’ म्हणून मोकळे होणे पसंत केले. काहींना दिसले, पण म्हाताऱ्या माणसाचे मन का दुखवा म्हणून ते गप्प राहिले. प्रीतीने सत्य बोलावे असे आपण नेहमी ऐकतो. व्यवहारात मात्र आपण प्रीती आणि सत्य यांची वाटणी करून टाकतो. गोड बोलणारे एका बाजूला, खरे बोलणारे दुसऱ्या बाजूला. जामुलच्या गृहस्थांनी आरोप केला नाही की स्तुतीही केली नाही. त्यांनी फक्त विचारले, “दादा, ही नौका कोणत्या साली अशी दिसत होती?”

उत्तर यायला दोन दिवस लागले. विमाने आपल्या नोकरीच्या दिवसांतली, असे त्या वृद्धाने कळविले. उतार मात्र आपला मुलगा त्या नौकेवर होता तेव्हाचा. दोघांचे जहाज एकच, म्हणून दोघांना एकत्र ठेवले. चूक नव्हती, परंतु पाहणाऱ्याला ते कळण्यास मार्ग नव्हता. अखेर पायथ्याशी एक लहान पितळी पट्टी लावण्यात आली आणि तिच्यावर दोन्ही काळांचा उल्लेख केला. फिनहासाने न विचारता लढाई केली असती तर काय झाले असते, हे आपण जाणतो. पण त्याने न विचारता नुसती वेदीची प्रशंसा केली असती, तर तेही त्या वंशांना परके ठेवणेच झाले असते.

येथवर या छंदाची बाजू मी मांडली. दुसरी बाजूही शास्त्रात आहेच. आहाज राजा अश्शूरच्या राजाला भेटण्यास दिमिष्काला गेला, तेथील वेदी त्याला आवडली, आणि त्याने तिची तवनीत उरीया याजकाकडे धाडली. राजा परतण्याच्या आत उरीयाने तशीच वेदी बांधून तयार ठेवली. मग परमेश्वरापुढील पितळी वेदी बाजूला सारून उत्तरेकडे ठेवण्यात आली. यार्देनेजवळची प्रतिकृती मूळ वेदीकडे बोट दाखवीत होती; या प्रतिकृतीने तिची जागा घेतली.

जहाजाच्या बाबतीत हा धोका फारसा नाही. लाकडी नौकेवर बसून कोणी समुद्रात जाणार नाही. धोका आहे तो त्या संगतीत. दूरच्या समानधर्मी माणसांचे मंडळ हेही एक प्रकारे सहभागितेची प्रतिकृतीच आहे. तेथे आपल्यासारखेच लोक असतात, आपल्या आवडीचेच बोलणे असते, कंटाळा आला तर निघून जाता येते. शेजारी निवडता येत नाही. मंडळीतील बाकावर आपल्या बाजूला कोण बसेल, हेही नाही. जी प्रीती निवडलेल्यांवरच होते ती सोपी असते. आणि सोपी आहे म्हणून ती अवघड प्रीतीची जागा हळूच घेते. कोचीतील मित्राच्या नौकेची डोलकाठी मोडली हे ज्याला त्याच संध्याकाळी कळते, पण पलीकडच्या घरातील कामगाराची नोकरी गेल्याचे महिनाभर कळत नाही, त्याची पितळी वेदी उत्तरेकडे सरकलेली आहे. हे मी केवळ जहाजवाल्यांविषयी म्हणत नाही. आपल्या कितीतरी समित्या, अधिवेशने आणि अभ्यासमंडळे यांनाही ते लागू आहे.

तथापि त्या संगतीला खोटी म्हणण्यासही मी धजत नाही. गेल्या पावसाळ्यात आमचे गृहस्थ आजारी पडून तीन आठवडे रुग्णालयात होते. कोचीहून रोज सकाळी फोन येई. पुण्याच्या दंतवैद्यांनी ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून औषधांची चौकशी केली. जेवणाचा डबा मात्र शेजारच्या घरातून येत होता. ज्या घरातल्या माणसांनी त्यांचे जहाज तोवर कधी पाहिलेही नव्हते, आणि ज्यांच्याशी पाण्याच्या नळावरून त्यांचे जुने भांडण होते.

आता त्या शेजाऱ्यांचा बारा वर्षांचा मुलगा संध्याकाळी त्यांच्याकडे येऊन बसतो आणि बोटाच्या पेराएवढ्या विमानांचे पंख कानशीने घासतो. नळाचे भांडण मिटले आहे काय, हे मी विचारले नाही. विमाने अद्याप अकरा व्हायची आहेत.