लेच्चेला गेलेला खांब

अल्बानियातल्या व्लोरेहून रात्री सुटलेली फेरी सकाळी ब्रिंडिसीला लागली. पुढची, ग्रीसला जाणारी, रात्री होती. अल्बानिया आणि ग्रीस एकमेकांना चिकटलेले असताना मध्येच समुद्र ओलांडून इटलीत कशाला यायचं, हे दादांना पटलं नव्हतं. भाच्याला मात्र जाता जाता एका दिवसाची इटली पदरात पाडून घ्यायची होती. आणि त्याच्या आईला, म्हणजे बेबीला, मुलाचं आजवर काही चुकीचं वाटलेलंच नाही.

दादा पोस्टातून निवृत्त झालेले. १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून मुंबईचं टपाल आगगाडीने इथवर यायचं आणि आगबोटीने पुढे जायचं, हे भाच्याने सांगितल्यावर ते बंदराकडे जरा आपलेपणाने पाहू लागले. गोलमेज परिषदेहून परतताना, १९३१ च्या डिसेंबरात, गांधीजींनीही मुंबईची बोट इथूनच धरली होती. तरीही शहर आवडल्याचं दादांनी कबूल केलं नाही. रस्त्यात तळलेली पँझेरोट्टी घेतली. दिसायला थेट मोठी करंजी, पण आत टोमॅटो आणि वितळलेलं चीज. पहिल्याच घासाला दादांची जीभ भाजली, त्याचंही खापर इटलीवर.

धक्क्यावरून रुंद पायऱ्या चढून गेलं की वर संगमरवरी रोमन खांब उभा आहे. रोमहून निघालेला ऍपियन मार्ग इथे संपतो असं सांगतात. खांब मुळात दोन होते. दुसऱ्याचा चौथरा तेवढा शेजारी शिल्लक, त्यावर बुंध्याचा एक थोटका तुकडा.

पायरीवर एक म्हातारा ऊन खात बसला होता. दादांना त्या चौथऱ्यासमोर थबकलेलं पाहून त्याने हात उडवून काहीतरी म्हटलं. भाच्याला जुजबी इटालियन येई.

"लेच्चेवाल्यांनी नेला म्हणतोय."

मग सगळी कहाणी आली. १६५६ च्या प्लेगने नेपल्सच्या राज्यात हाहाकार उडाला, लेच्चे वाचलं. संत ओरोन्झोची कृपा म्हणून त्याचा पुतळा उंचावर बसवायचं ठरलं, आणि ब्रिंडिसीच्या नगरप्रमुखाने या खांबाचे तुकडे देऊ केले. गावाला ते मुळीच रुचलं नाही.

"बरोबर आहे!" दादा म्हणाले. "घरची वस्तू ती घरची."

"त्यांना विचार," बेबी मुलाला म्हणाली, "नेला तेव्हा तो उभा होता का?"

म्हाताऱ्याने मान हलवली. खांब १५२८ मध्येच कोसळला होता. सव्वाशेहून अधिक वर्षं तुकडे तसेच पडून होते.

"मग?"

म्हाताऱ्याने दोन्ही हात पसरले. "पण आमचा होता!"

भाचा हसला. दादा हसले नाहीत. बेबी काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं दादांना चांगलं ओळखता येई. वाईच्या वाड्यात माजघराच्या तुळयांना चार हूक आहेत. झोपाळ्याची फळी वाळवीने खाल्ली, पितळी कड्या माळ्यावर हिरव्या पडत राहिल्या. बेबीने मागितल्यावर "ने की, तुझंही घर आहे," हे दादांनीच म्हटलेलं, चारचौघांत. त्यानंतर वाड्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा, ते हूक दाखवले जात: "इथे झोपाळा होता. बेबीने पुण्याला नेला." द्यायचं आणि दिल्याची वही मात्र मिटायची नाही, हा आपल्याकडच्या थोरल्यांचा जुना रोग आहे.

"लेच्चे लांब आहे का रे?" दादांनी विचारलं.

आगगाडीने अर्धा तास. फेरीला वेळ होता.

तिथल्या चौकात तेच तुकडे एकावर एक चढून उभे होते, टोकाला संत. खाली मुलं सायकली फिरवत होती. दादांनी खांबाला दोन फेऱ्या घातल्या, सांधे न्याहाळले आणि मान वर करून म्हणाले, "बरा उभा केलाय."

परतीच्या गाडीत त्यांनी एकदम विचारलं, "कड्या कशाने घासतेस?"

"पितांबरीने."

"चिंच लाव. आणि हे बघ, मधल्या कडीची खीळ सैल आहे. तेव्हा सांगायला हवं होतं... नाही सांगितलं."

"माहीत आहे," बेबी म्हणाली. "पहिल्याच दिवशी पडले मी."