हुकमावर नाय



परवा रत्नागिरीत बैठक आटपली. सतरंजी गुंडाळताना एका पोरानं सरळ तोंडावर विचारलं, ''काका, तुम्ही रात्री घरी गोऱ्यांचा पियानो ऐकता म्हणं. भाषण पँथरचं आणि कानात बाख, हे जमतं कसं?'' बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. प्रश्न खरा होता. तिथं उत्तर सुचलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी घरातलं सांगतो. माझा आजा सनई वाजवायचा. पालखी निघायची झाली की वाडीत निरोप यायचा. निरोप कसला, हुकूमच. आजानं पायरीखाली उभं राहून वाजवायचं आणि शेवटी फडक्यात पसाभर तांदूळ, तेही वरून टाकलेलं. १९५६ नंतर धम्म घेतला आणि त्यानं सनई आढ्याला खोचली. गाव म्हणालं, कला कशाला सोडतोस? आजा म्हणाला, ''कला नाय सोडली. हुकूम सोडला.'' पुढं एका भीमजयंतीला त्यानं तीच सनई खाली काढली तेव्हा अख्खी वाडी रडली. वाद्य तेच, फुंकही तीच. मग बदललं काय?

हा प्रश्न हातात धरून बाखकडं जाऊ. बाख कोणी सरदार नव्हता. तो दरबाराचा आणि चर्चचा नोकर. १७१७ साली वायमारच्या ड्यूककडं नोकरी सोडायची परवानगी हट्टानं मागितली म्हणून त्याला जवळजवळ महिनाभर कोठडीत टाकलं. १७४१ साली त्यानं हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्यासाठी एक धून आणि तिची ३० रूपं छापली. त्यांना 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की एका उमरावाला झोप लागायची नाही आणि गोल्डबर्ग नावाच्या त्याच्या तरुण वादकानं शेजारच्या खोलीत बसून रात्री-बेरात्री वाजवायचं. गोष्टीच्या खरेपणाबद्दल अभ्यासक शंका घेतात, पण नाव चिकटलंय. मालकाला झोप यावी म्हणून नोकरानं जागायचं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण लगेच 'तोही आपल्यातलाच' असं म्हणू नका. बाख कोठडीतून सुटला तो दुसऱ्या दरबारात चांगल्या जागेवर गेला. त्याच्या सावलीचा विटाळ कुणाला झाला नाही. त्याला नोकरी सोडता आली. आपल्याला जात सोडून कुठल्या दरबारात जाता येतं? दुःखाला दुःख जोडून नातं लावणं हा आळस आहे.

मग मी ऐकतो ते कशासाठी? कॅनडाच्या ग्लेन गूल्डनं ही रचना १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड केली, साधारण ३८ मिनिटांत. १९८१ साली पुन्हा केली, तेव्हा ५१ मिनिटं लागली. पहिल्या खेपेला सुरुवातीची धून चालत जाते. दुसऱ्या खेपेला ती एकेका स्वरावर थांबून विचार करते. पुढच्याच वर्षी तो वारला. कागद तोच, माणूसही तोच, तरी दोन्ही वेगळं. म्हंजे लिहिलेला कागद ही पोथी नव्हे. दर खेपेला वाजवणाऱ्यानं ते नव्यानं खरं करून दाखवायचं. ग्रंथप्रामाण्य नाकारणाऱ्यांना हे ऐकताना परकं का वाटावं?

आता जॅझ. गुलामांच्या वंशजांचं हे संगीत मुंबईला १९३५ च्या अखेरीस ताजमहाल हॉटेलात वाजलं. लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड आला होता. त्याच ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं होतं. अशा बँडांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. त्यातला चिक चॉकलेट पुढं सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) वाजला. ताजच्या दारातून नाही, पण पिक्चरच्या पडद्यावरून जॅझ चाळीत आला.

आणि नीना सिमोन. अमेरिकेच्या दक्षिणेतली काळी पोरगी, बाखवर जीव. लहानपणी पहिल्या जाहीर कार्यक्रमात गोऱ्यांसाठी तिच्या आईबापाला पुढच्या रांगेतून उठवलं. तिनं आत्मचरित्रात सांगितलंय, ते परत पुढं बसेपर्यंत ती वाजवायला तयार झाली नाही. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेनं तिला प्रवेश नाकारला. वर्णामुळेच, असं ती म्हणत राहिली. संस्थेला ते मान्य नव्हतं. २००३ साली तिच्या मृत्यूच्या तोंडावर त्याच संस्थेनं मानद पदवी दिली. मधल्या काळात ती बारमध्ये वाजवत होती. 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' हे साधं प्रेमगीत ऐका. मध्येच तिची बोटं बाखच्या चालीनं धावतात, एक स्वरओळ दुसरीच्या मागं लागते. दार बंद करणाऱ्यांना वाटलं, बाख आत राहिला. तो हिच्या बोटांत बाहेर आला होता.

मी गूल्ड आणि नीना पाठोपाठ ऐकतो. तिच्या दुःखापायी तिला जादा मार्क देत नाही. आमची कविता दलिताची म्हणून गोड मानून घ्या, असं आपण म्हणतो का? ती कसाला उतरते म्हणून मोठी. पण तिला कुठल्या दारातून हाकललं हे विसरूनही ऐकत नाही. 'संगीताला जात नसते' असं म्हणणारे फक्त स्वरांबद्दल बोलतात. सभागृहाला जात असते, पहिल्या रांगेला असते, रेडिओलाही असते. आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियम परकी म्हणून बाहेर काढली ती तीसेक वर्षं. आपल्या जलशांनी तीच पेटी गावोगाव डोक्यावरून नेली.

म्हणून पोरा, माझं उत्तर असं. वाद्य कोणाच्या घरातलं, हे शेवटचं विचार. आधी विचार, ते कोणाच्या हुकमावर वाजतंय आणि ऐकायला कोणाला बसू देतात. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं. त्यांना कोणी पालखीपुढं वाजवायला सांगितलं नव्हतं. कुणाच्या सेवेसाठी नसलेला आनंद आपल्या बापजाद्यांना मिळाला नाही. तो घेताना मला लाज वाटत नाही. मात्र त्यापायी एक बैठक चुकली तर मला जरूर धर.

पुढच्या खेपेला बैठकीनंतर अर्धा तास थांब. दोन्ही लावतो. नाय पटलं तर भांड.

जय भीम.